दोर धरणाऱ्याचं पाणी

मिस्त्रीने घण मारला आणि लाकडी खुंट लोण्यात शिरावा तसा जमिनीत शिरला, तेव्हा त्याला फार बरं वाटलं. एरवी या दिवसांत जमीन अशी वाळलेली असते की खुंटाचं डोकं फुटतं आणि ठोकणाऱ्याचं फिरतं. सलग दोन वर्षं पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. गावाच्या जुन्या विहिरीत तळाला चिखल आणि त्या चिखलात कुणाच्या तरी हातून निसटलेली बादली, एवढंच उरलं होतं. आणि इथे, नव्या विहिरीच्या काठावर, खुंट हूं की चूं न करता आत गेला. मिस्त्रीने त्याला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, मग दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधून तीही गाठ तशीच दोनदा ओढली.

"झालं का गाठींचं?" कप्पीजवळ उभ्या असलेल्या बायकोने विचारलं. तिने बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या आणि तळहातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. विहिरीतला मुरूम आणि दगड बादलीने वर ओढायचं काम ती आणि त्यांची थोरली मुलगी करत होत्या.

"गाठ तपासायला वेळ लागत नाही. मरायलाही लागत नाही."

"तुमचा दोर मी धरते म्हटलं तर ते नको. खुंट बरा."

"खुंट भांडत नाही," मिस्त्री म्हणाला, "आणि खुंटाला डुलकी लागत नाही."

एवढं बोलून तो भिंतीतल्या खोबणींत पाय देत खाली उतरला. बायकोने आणि मुलीने एकमेकींकडे पाहिलं. हा टोमणा कुणाला होता ते दोघींनाही माहीत होतं, आणि ज्याला होता तो तिथे ऐकायला नव्हता.

तो म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ. त्याला गाव 'सावकाश' म्हणायचं. हा शब्द तो दिवसातून इतक्या वेळा उच्चारायचा की तोच त्याला चिकटला. बादली वर येताना सावकाश, खाली जाताना सावकाश, जेवताना, चालताना, भांडतानासुद्धा सावकाश. मिस्त्रीच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती आणि सावकाशच्या नाकावर माशांनी संसार थाटला तरी त्याने हात हलवला नसता. पण मिस्त्रीने जेवढ्या विहिरी खणल्या त्या सगळ्या याने वर बसून दोर धरला म्हणून खणल्या. खाली भाऊ असेपर्यंत त्याने कधी दोर हातातून सोडून नाक पुसलं नाही.

विहिरी खणणाऱ्यांची एक रीत होती. नव्या विहिरीचं पहिलं पाणी मालकाला नाही, खणणाऱ्यालाही नाही. ते दोर धरणाऱ्याला. खाली असतो तो पाणी लागताच आधी भिजतोच, त्याला वेगळं काय पाजायचं? पण वर बसलेल्याने इतके दिवस फक्त ऊन खाल्लेलं असतं आणि दुसऱ्याचा जीव हातात धरलेला असतो. म्हणून तो हात धुऊन ओंजळ करून उभा राहायचा आणि खणणारा आपल्या हाताने त्यात पाणी ओतायचा. मग बाकीचं गाव.

मागच्या उन्हाळ्यात एका बागवाल्याच्या विहिरीवर दगडांनी भरलेली बादली वरून हातभर घसरली आणि मिस्त्रीचा खांदा सोलून गेली. "झोपला होतास," मिस्त्री म्हणाला. "कडी निसटली, दादा. मी लगेच आवरली," सावकाश म्हणाला. बादलीची कडी खरंच वाकलेली होती, पण मिस्त्रीने ती पाहायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी पाणी लागलं. सगळे जमले. सावकाशने हात धुतले, ओंजळ केली. मिस्त्री पाण्याचा तांब्या घेऊन वर आला, भावाच्या समोरून पुढे गेला आणि तो त्याने बागवाल्याच्या हातात दिला. सावकाश थोडा वेळ तसाच ओंजळ धरून उभा राहिला. मग त्याने हात खाली घेतले, कोरडेच असलेले हात कपड्याला पुसले, दोर गुंडाळून भावाच्या दाराला टांगला आणि दगडाच्या खाणीवर कामाला गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

खरं सांगायचं तर मिस्त्रीला त्या पाण्याचा आनंद तसाही झाला नव्हता. तो कधीच व्हायचा नाही. पाणी लागलं की गाव नाचायचं, बायका तोंडावर पाणी मारून घ्यायच्या आणि हा अंगावरचा चिखल न धुताच विचारायचा, "पुढची विहीर कुठं?" प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की या विहिरीनंतर आपल्याला बरं वाटेल, नंतर जरा बसू. आणि प्रत्येक विहिरीनंतर छातीत तो खड्डा तसाच राहायचा. नव्या विहिरीचं पाणी तो स्वतः कधी प्यायला नव्हता. त्याला वाटायचं, वेळ नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने त्याच्या पाठीला तेल लावलं. पाठ कसली, उन्हाने आणि पहारीने घडवलेली फळीच ती. उजव्या हाताचा अंगठा काळानिळा झाला होता. कोनाड्यात बायबल होतं आणि त्याच्याशेजारी मिस्त्रीची ओळंब्याची दोरी. दोन्ही वस्तू घरात सारख्याच मानाने ठेवलेल्या होत्या. फक्त एक रोज वापरात होती.

"भाऊजींना बोलवा," बायको म्हणाली.

"कशाला?"

"दोर धरायला. मला भीती वाटते. खुंट तो खुंट. त्याला तुमची काळजी आहे का?"

"तू प्रार्थना करतेस ना? मग कसली भीती?"

"प्रार्थना करते म्हणून तर सांगते आहे. देवाने माणसं दिली आहेत ती काय दाराला टांगायला?"

मिस्त्री हसला. बायकोच्या जिभेचं त्याला मनातून कौतुक होतं. "तुझ्या देवाला म्हणावं, उद्या एक पहार घेऊन ये. खडक कडक लागलाय."

"माझा देव? बाप्तिस्मा तुमचाही झालाय."

"झाला असेल. मी तेव्हा झोपलो होतो."

ती तेलाची वाटी घेऊन उठली. रागावली नव्हती. काही वर्षांपूर्वी ती तापाने फणफणली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या आजारात तिने सगळा भार प्रभूवर टाकला तो आजपर्यंत परत घेतला नव्हता. घरात दाणा असो नसो, ती गुणगुणत असायची. मिस्त्रीला याचा हेवा वाटायचा, पण तो कबूल करण्यापेक्षा त्याने आणखी एक विहीर खणली असती.

रविवारी सगळे प्रार्थनामंदिरात गेले. मंदिर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली, दोन रांगांत बाकं, खिडक्यांना फडकी. गेलं वर्षभर मिस्त्रीचं कुटुंब डावीकडे बसायचं आणि सावकाशचं उजवीकडे. गाणी एकाच सुरात व्हायची. उपासनेच्या शेवटी सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन शांती देत, तेव्हा मिस्त्री हमखास वाकून चपलेचा पट्टा नीट करायचा. त्या पट्ट्याला वर्षभरात जेवढी शांती मिळाली तेवढी कुणालाच मिळाली नसेल.

पाळक आठवडाभर सायकली दुरुस्त करायचे, त्यामुळे रविवारीही त्यांच्या नखांत काळं असायचं. ते म्हणाले, "मूल आईच्या कडेवर असलं की बिनघोर झोपतं. आपण मोठी माणसं देवाच्या कडेवर बसतो खरे, पण एक पाय जमिनीला लागतोय का ते चाचपत राहतो. न जाणो, त्याने सोडलंच तर! अशाने आईचाही हात दुखतो आणि आपल्यालाही झोप येत नाही."

लोक हसले. मिस्त्री हसला नाही. तो मनात खडकाला कुठून सुरुंग लावावा याचा विचार करत होता.

बाहेर पाणी समितीचे अध्यक्ष झाडाखाली वाट पाहत उभे होते. स्वच्छ कपड्यांचा, गडबडीचा माणूस. "मिस्त्री, काय म्हणतेय विहीर?"

"म्हणेल, लवकरच म्हणेल."

"लोक मला खायला उठलेत. टँकर मनाला येईल तेव्हा येतो, त्यावर भांडणं होतात. हा आठवडा बघतो. नाहीतर शहरातून यंत्र मागवतो आणि हा खड्डा बुजवतो. मग तुमच्या हातच्या विहिरीला या भागात कुणी विचारणार नाही, ते माझ्या हातात नाही."

हे सगळ्यांदेखत झालं. सावकाश त्याच्या बायकोबरोबर चार पावलांवर उभा होता. त्याने मान वर केली, भावाकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. मिस्त्रीने वाकून चपलेचा पट्टा नीट केला.

सोमवारी त्याने इरेला पडून काम केलं. सुरुंग लावला, धुरळा बसला, पुन्हा खाली उतरला. वर ऊन असं की कप्पीच्या लोखंडाला हात लावला तर भाजावं. खाली मात्र गारवा होता. खुंटाच्या बाजूची भिंत त्याला नेहमीपेक्षा थंड वाटली, हाताला थोडी ओलही लागली. एरवी अशा वेळी तो वर हाक मारायचा, "बघ रे, भिंत घामेजली आहे," आणि वरून सावकाश म्हणायचा, "टेकू लाव, दादा. सावकाश." पण आज वर सावकाश नव्हता. पाणी नेहमी तळातून येतं असं मिस्त्री ठामपणे मानायचा. आपल्याच हाताचा घाम आहे, असं म्हणून त्याने तो पुसला आणि तळाच्या खडकावर पहार मारली.

दुपारी जेवायची वेळ झाली म्हणून बायकोने हाक मारली. "आलो," असं तो म्हणाला. आणि भिंत सुटली.

मोठा आवाज झाला नाही. पोत्यातून धान्य सांडावं तसा सरसर आवाज आला आणि मिस्त्री कमरेपर्यंत गाडला गेला. तो पाय काढायला गेला तर आणखी माती आली आणि छातीला लागली. उजवा हात आत अडकला, डावा बाहेर राहिला. धूळ बसेपर्यंत त्याला काही दिसलं नाही.

वर थोरली किंचाळली. आसपासची माणसं धावत आली, पण काठ खचेल म्हणून मागेच थांबली, आणि ते बरोबरच होतं. फक्त मिस्त्रीची बायको पोटावर पालथी पडून काठापर्यंत सरकत आली. "अहो!"

"आहे," मिस्त्री म्हणाला. "पुढे येऊ नकोस."

"थोरलीला खाणीवर पाठवली. भाऊजींना आणायला. मी इथेच आहे."

"बोलू नकोस. आवाजानेही माती येते."

मग सगळं शांत झालं. वर आभाळाचा गोल तुकडा होता, तव्याएवढा. छातीवर इतकं वजन होतं की श्वास अर्धाच आत जायचा. मिस्त्रीने डाव्या हाताने कमरेपाशी माती उकरली आणि दोर सापडला. तो ताठ होता. 'शाबास,' तो खुंटाला मनात म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की खुंट फार तर धरून ठेवील. वर ओढायला खुंटाला हात नाहीत. हाक मारली तर खुंट ओ देत नाही. आयुष्यभर गाठी तपासून तपासून त्याने स्वतःला शेवटी एका लाकडाला बांधून घेतलं होतं.

मग तो घाबरला. मनापासून, लहान पोरासारखा घाबरला. त्याने प्रार्थना सुरू केली, पण ती व्यवहाराची निघाली. 'मला वर काढ, मी दर रविवारी पुढच्या बाकावर बसेन.' हे म्हणताच त्याची त्यालाच लाज वाटली. देवाला काय बाकांची टंचाई होती? मग 'मला वर काढ, भावाला दोन शब्द गोड बोलेन.' हेही त्याला कोतं वाटलं. बोलायचंच होतं तर जमिनीवर असताना तोंड कुणी शिवलं होतं? देण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने सौदा सोडून दिला. पाय कशावर टेकलेत तेही कळत नव्हतं, एका मोकळ्या हाताने काही होत नव्हतं, पहार कुठे पुरली गेली होती देव जाणे.

"प्रभू," तो पुटपुटला, "मी तुझ्या कडेवर आहे. आता पाय लावून बघत नाही. वर ने नाहीतर इथेच ठेव. तू आहेस ना, मग झालं."

आणि मिस्त्रीची भीती गेली. ती हळूहळू ओसरली नाही, सरळ गेली. छातीवरचं वजन तेवढंच होतं, पण छातीच्या आतला तो जुना खड्डा, जो कुठल्याच विहिरीने भरला नव्हता, तो भरला. काठोकाठ भरला. कमरेचा दोर त्याला जाणवत होता. लहान मुलाचा हात धरावा तसा कुणीतरी तो धरला होता. आपल्याला कुणी धरलंय हे त्याला इतकं स्पष्ट कळत होतं की त्याला हसू आलं. तो हसला. मग बायको चुलीपाशी गुणगुणायची ते गाणं त्याच्या ओठांवर आलं. शब्द त्याला कधीच पाठ नव्हते, म्हणून तो नुसता सूर म्हणत राहिला.

वर पालथी पडलेली बायको आधी दचकली. मग तिने ते सूर ओळखले आणि खालून जिथे शब्द नव्हते तिथे ती वरून हलक्या आवाजात शब्द घालू लागली. मागे उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. अध्यक्ष म्हणाले, "डोक्यावर परिणाम झाला वाटतं." पाळक सायकलवरून उतरत होते. ते म्हणाले, "झाला असावा. चांगला झालेला दिसतोय."

सावकाश पळत आला. गावाने त्याला पळताना पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्यामागे खाणीतले लोक फळ्या आणि दोर घेऊन आले. त्याने काठ पाहिला, भिंत पाहिली, कुठे फळी टाकायची ते बोटाने दाखवलं आणि दोर स्वतःच्या अंगाला बांधून दुसरं टोक पुढे केलं. "वहिनी, तुम्ही धरा. पाळकसाहेब, तुम्ही. अध्यक्ष, तुम्हीपण या, नुसते उभे का?"

अध्यक्षांनी स्वच्छ बाह्यांसकट दोर धरला.

मिस्त्रीला खालून एक शब्द ऐकू आला. "सावकाश. सावकाश सोडा." वर्षभर हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तोंडावरच्या धुळीत ओघळ उठले.

सावकाश फळीवर उतरला. दोघांची तोंडं एकमेकांपासून हातभर अंतरावर होती.

"दादा, दुखतंय का?"

"कडी वाकली होती," मिस्त्री म्हणाला. "बागवाल्याच्या विहिरीवर. मला माहीत होतं. मी मुद्दाम पाहिली नाही."

"आता बोलू नकोस. श्वास जपून वापर."

"तू झोपला नव्हतास."

"नव्हतो रे. गप्प बस जरा."

मग त्याने हातांनी माती उकरायला सुरुवात केली. घाई नाही, दमलं म्हणून थांबणं नाही. बादली भरायची, वर जायची, परत यायची. त्याच्या बोटांची सालं निघाली. उजवा हात मोकळा झाला, मग पोट, मग मांड्या. शेवटी त्याने वरून आलेला नवा दोर भावाच्या काखांखालून घेऊन गाठ मारली. मिस्त्रीचा हात सवयीने गाठीकडे गेला. तो तिथे पोचण्याआधीच थांबला, आणि मिस्त्रीने तो भावाच्या खांद्यावर ठेवला.

"तपासणार नाहीस?" सावकाशने विचारलं.

"ओढा म्हण त्यांना."

त्याला वर काढलं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. एक पाय सुजला होता, पण हाड शाबूत होतं. बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती रडलीही आणि त्याला बोललीही. लोकांनी पाणी पाजलं, वारा घातला. मिस्त्रीने आधी विचारलं, "दोर कुणी धरला होता?"

"कुठला दोर?"

"माझ्या कमरेचा. मी खाली होतो तेव्हा. ताठ होता. कुणीतरी धरला होता."

थोरली उठली आणि काठाच्या अलीकडे पडलेला खुंट घेऊन आली. त्याला गाठ तशीच होती, मिस्त्रीने दोनदा तपासलेली. "बाबा, भिंत सुटली तेव्हाच हा उपटून आला. मी पाहिला. खाणीवर जाताना आणि परत आल्यावरही दोर इथे मोकळाच पडला होता. काठावर यायची कुणाची हिंमत नव्हती आणि आई पालथी पडली होती. कुणीच धरला नव्हता."

मिस्त्री त्या खुंटाकडे बघत राहिला.

"खाली मातीने दाबून धरला असेल," अध्यक्ष म्हणाले.

"असेल," मिस्त्री म्हणाला. आणि तो पुन्हा हसायला लागला, खाली हसला होता तसाच. "असेल, अध्यक्ष. माझं काही म्हणणं नाही." बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. एवढी वर्षं ती याच्यासाठीच गुडघे टेकत होती.

अध्यक्षांनी चुळबुळ करून सांगितलं की आता खड्डा बुजवावा लागेल, यंत्र येईल, वाईट वाटून घेऊ नका. कालचा मिस्त्री यावर आकांडतांडव करून सुजल्या पायाने विहिरीत उतरला असता. आजचा म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मला आज काही कमी नाही." बिचारे अध्यक्ष भांडायच्या तयारीने आले होते.

सावकाश मात्र खुंट हातात घेऊन बसला होता. खुंटाच्या टोकाला लागलेली माती तो नखाने खरवडत होता. मग त्याने आपल्या अंगावरच्या ओल्या मातीतून चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळली. "दादा, हा खुंट ठोकायला किती त्रास झाला?"

"काहीच नाही. सहज शिरला."

"या दुष्काळात?"

मिस्त्री सावरून बसला. त्याने भावाच्या तळहातावरची माती पाहिली. मुरूम नव्हता. बारीक, गोल, धुतल्यासारखी वाळू होती, आणि ओली होती. नदीशिवाय अशी वाळू कोण घडवतं? कधीकाळी इथून एखादा ओढा वाहत असणार आणि वरून बुजून गेला असणार. खाली त्याची वाट अजून जिवंत होती. खुंटाने ते ठोकतानाच सांगितलं होतं, आणि भिंतीने आज सकाळी. मिस्त्री तळाचा खडक फोडत बसला होता आणि पाणी त्याच्या खांद्याशी उभं होतं.

"वर तू असतास तर भिंत घामेजली म्हणून मी ओरडलो असतो," तो म्हणाला.

"आणि मी टेकू लाव म्हणालो असतो." सावकाशने अध्यक्षांकडे पाहिलं. "यंत्राला जरा थांबायला सांगा. सावकाश येऊ दे त्याला."

पुढचे दिवस सगळ्यांनी मिळून काम केलं. खाणीतल्या लोकांनी फळ्यांचे टेकू बसवले. मिस्त्रीला बायको खाली उतरू देईना, म्हणून पाय सुजलेला मिस्त्री वर बसला आणि सावकाश खाली उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रीने दुसऱ्याचा दोर धरला. तेव्हा त्याला कळलं की वरचं काम काय असतं. ऊन डोक्यावर, हात भरून आलेले आणि डोळे एका माणसावरून हलवायचे नाहीत. नाकावर माशी बसली, चालत कपाळापर्यंत गेली. मिस्त्रीने हात हलवला नाही. थोरलीने ते पाहिलं आणि ती तोंड लपवून हसली.

टेकूंमधून बाजूच्या भिंतीत आडवी पहार घातली, तशी ती हातभर जाऊन मोकळी झाली. सावकाशने ती ओढून घेतली. भोकातून आधी वाळू आली, मग गढूळ पाणी आलं, आणि मग मनगटाएवढी स्वच्छ धार सुटली, ती थांबायचं नावच घेईना.

"दादा!" खालून आवाज आला. सावकाश पहिल्यांदाच ओरडत होता. "दादा, आलं!"

गाव धावत आलं. कुणी बादल्या घेऊन, कुणी नुसतेच. पाळक हात वर करून स्तुती करायला लागले आणि त्यांचा आवाज गर्दीत बुडून गेला. सावकाश तांब्या भरून वर आला. तो नखशिखांत भिजला होता. त्याने काठावर पाय ठेवला आणि सगळे आपोआप बाजूला झाले, कारण रीत सगळ्यांना ठाऊक होती आणि बागवाल्याच्या विहिरीवर काय झालं तेही ठाऊक होतं.

मिस्त्री लंगडत पुढे झाला. त्याने भावाच्या हातातून तांब्या घेतला. "हात पुढे कर."

"मी या वेळी खणणारा आहे. दोर तू धरलास. पहिलं पाणी तुझं."

"मागचं पाणी माझ्याकडे बाकी आहे. हात पुढे कर म्हणतो ना."

सावकाशने ओंजळ केली. मिस्त्रीने सगळ्यांदेखत तीत पाणी ओतलं. सावकाश प्यायला, सावकाश प्यायला, आणि मग तोंड पुसण्याच्या निमित्ताने त्याने डोळे पुसले. नंतर त्याने तांब्या भावाच्या हातातून काढून घेतला. "आता तू."

मिस्त्रीने ओंजळ धरली, पण ती तशीच ठेवून तो म्हणाला, "मी खाली होतो तेव्हा ज्याने मला धरलं, त्याचं हे पाणी आहे. त्याला मी काय देणार?"

"त्याला तहान लागलेली नाही," बायको मागून म्हणाली. "तुम्हाला लागली आहे. त्याला ते केव्हापासून माहीत आहे. प्या आता."

मिस्त्री प्यायला. थंड, किंचित मातीच्या वासाचं पाणी होतं. आपण खणलेल्या विहिरीचं पाणी कसं लागतं हे त्याला या वयात कळलं. त्याने दुसरी ओंजळ मागितली, मग तिसरी. पाणी त्याच्या हनुवटीवरून छातीवर उतरलं. तो सुजलेला पाय लांब करून विहिरीच्या काठावर बसला आणि पाणी घ्यायला आलेल्या माणसांकडे बघत राहिला. कुणी एकमेकांना भिजवत होतं. अध्यक्षांचे कपडे चिखलाने भरले होते आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

बायको त्याच्याशेजारी येऊन बसली. थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग चेहरा गंभीर करून तिने विचारलं, "पुढची विहीर कुठं?"

"बस गं जरा," मिस्त्री म्हणाला. "कुठे जायचंय?"